चौसष्टाव्या वर्षी पीतज्वराची लस: आईचे अठ्ठावीस दिवस

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला होता, तेव्हा धाकटीचा कंपालाहून फोन आला. "ताई, डॉक्टरांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय. आईला घेऊन ये. आणि लशीचं आधी बघ, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही."

हे नोव्हेंबर २०२३ मधलं. धाकटी आणि तिचा नवरा नोकरीनिमित्त युगांडात असतात. आई चौसष्ट वर्षांची, नाशिकला माझ्याजवळ. बाळंतपणाला आईनं जायचं, साडेतीन महिने राहायचं आणि पहिले पंधरा दिवस मी सोबत थांबायचं, असं ठरलं. तिकीट, व्हिसा, डिंकाचे लाडू हे सगळं मार्गी लागणारच होतं. मला रात्री झोप लागत नव्हती ती लशीपायी. घरातलं साठीच्या पुढचं माणूस आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत पाठवताना पुष्कळ जण याच वाटेनं जातात आणि नेमकं काय विचारायचं ते कुणी सांगत नाही. म्हणून आमचं जसं झालं तसं तारीखवार लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तुमच्या माणसाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या.

आधी नियम. युगांडात उतरताना पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं कार्ड, दाखवावं लागतं आणि ई-व्हिसाच्या अर्जालाही ते जोडावं लागतं. (व्हिसाची फी माणशी ५० डॉलर.) परतताना हेच कार्ड भारत मागतो. आपल्याकडे पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, गल्लोगल्ली आहे. एखादा आजारी प्रवासी आला आणि त्याला इथला डास चावला तर काय होईल, ही सरकारची चिंता. त्यामुळे अशा देशातून कार्डाशिवाय आलेल्या माणसाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. पूर्वी मुदत दहा वर्षांची असायची, जुलै २०१६ पासून ती अट गेली. धाकटीच्या नवऱ्याचं कार्ड २०११ चं आहे. त्यावर २०२१ पर्यंतच वैध असं लिहिलंय, तरी ते चालतं.

कार्ड फक्त सरकारमान्य केंद्रानं दिलेलंच ग्राह्य धरतात. त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. आम्हाला सोयीचं पडलं ते मुंबईतलं एक सरकारी केंद्र. तिथे माणशी ३०० रुपये लागले. एका खासगी ठिकाणी फोन केला तर अडीच हजार सांगितले. सरकारी केंद्रात वेळ आधी घ्यावी लागते आणि ती पाळावीच लागते, कारण एका कुपीत दहा माणसांचे डोस होते. पावडरीत द्रव घातला की सहा तासांत ती संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणून माणसं गोळा करून एकदमच टोचतात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेळ घ्यायला बसले, तेव्हा ४ जानेवारीची वेळ मिळाली.

या मधल्या पंधरा दिवसांत मी वाचायला लागले आणि भीतीही तिथूनच लागली.

लंडनचे कर्करोगतज्ज्ञ मार्टिन गोर जानेवारी २०१९ मध्ये पीतज्वराची लस घेतल्यानंतर दगावले. वय ६७. स्वतः मोठे डॉक्टर. ती बातमी मी रात्री साडेबाराला वाचली आणि फोन उलटा ठेवून तशीच बसून राहिले. शेजारच्या खोलीत आईचं घोरणं ऐकू येत होतं. सकाळी ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "काही होत नाही, बिनधास्त घ्या." त्या उत्तरानं माझी भीती कमी झाली नाही, उलट एकटं पडल्यासारखं वाटलं.

मग वही घेतली आणि जे कळलं ते लिहून काढलं. ही लस जिवंत विषाणूची आहे. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात तो विषाणू दुबळा करून १७डी नावाचा वाण तयार केला. त्यासाठी त्यांना १९५१ चं नोबेल मिळालं आणि आजही जगभर त्याच वाणाच्या लशी देतात. दहा दिवसांत बहुतेकांना संरक्षण मिळतं, महिनाभरात जवळजवळ सगळ्यांनाच. शंभरातल्या दहा ते तीस जणांना ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते आणि ती आपोआप जाते. गंभीर त्रास तीन तऱ्हेचा. एक, टोचल्यावर लगेच येणारी जोरदार ॲलर्जी. दुसरा मेंदू आणि मज्जातंतूंचा. तिसरा सगळ्यात वाईट: लशीतला विषाणू अंगात मोकाट वाढतो आणि खऱ्या पीतज्वरासारखे यकृत, मूत्रपिंड निकामी होऊ लागतात. या तिसऱ्या प्रकारात निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावलेत. तो जगासमोर नीट आला २००१ मध्ये, म्हणजे तोवर लस कोट्यवधी लोकांना देऊन झाली होती.

अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दर दहा लाख डोसांमागे ॲलर्जीचे सुमारे तेरा, मज्जातंतूंचे आठ आणि त्या तिसऱ्या प्रकारचे तीन. साठीनंतर हे शेवटचे तीन बाराच्या घरात जातात. मी भागाकार केला: सुमारे ऐंशी हजारांत एक. आकडा लहान आहे. पण समोर आई असली की कुठलाच आकडा पुरेसा लहान वाटत नाही.

आईला मी यातलं काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तिसराच प्रश्न विचारला. "ही लस कशात करतात?"

आई माळकरी आहे. तीस वर्षं गळ्यात तुळशीची माळ आहे. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, आणि नुसत्या अंड्यात नाही, आत गर्भ वाढत असलेल्या अंड्यात. मी तसं सांगितलं. ती गप्प झाली. दोन दिवस तो विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही. तिसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता म्हणाली, "एवढ्या कॅप्सुला गिळल्या, त्याची टोपी कशाची असते ते कधी विचारलं नाही मी. हे विचारलं म्हणून कळलं. घेईन मी. माळ मात्र काढणार नाही." मी म्हटलं, माळ काढायला कोण सांगतंय? "कुणी सांगायच्या आधीच सांगून ठेवते," म्हणाली.

३ जानेवारीला पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, रात्री डोंबिवलीला मामाकडे राहिलो. चारला, गुरुवारी, साडेनऊला केंद्रावर पोचलो. हातात दोघींचे मूळ पासपोर्ट, त्यांच्या झेरॉक्स आणि वेळ घेतल्याची प्रिंट. फॉर्म इंग्रजीत होता, दोघींचाही मीच भरला. आईच्या फॉर्मात ओळ आली: थायमस ग्रंथीचा आजार किंवा शस्त्रक्रिया. आईची २००३ साली गळ्याची गाठ काढलेली, रोज सकाळी थायरॉइडची गोळी चालू. मी 'हो'वर खूण केली.

आतल्या डॉक्टर बाईंनी फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं. "मावशी, ऑपरेशन कुठे झालं होतं? गळ्यावर की छातीवर?" आईनं पदर सरकवून गळ्यावरचा व्रण दाखवला. बाई म्हणाल्या, "हे थायरॉइडचं दिसतंय. पण तुम्ही थायमस लिहिलंय. नाव जवळचं आहे, गोष्ट पूर्ण वेगळी आहे." मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. थायमस छातीच्या हाडामागे असते आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीची शाळा तिथे भरते. ती काढलेली किंवा बिघडलेली असेल तर ही लस द्यायचीच नाही. त्या तिसऱ्या प्रकारच्या सुरुवातीच्या तेवीस रुग्णांपैकी चौघांची थायमसची गाठ काढलेली निघाली होती. थायरॉइडची गाठ काढलेल्याला मात्र लशीला काहीच आडकाठी नाही.

"मला पंच्याण्णव टक्के खात्री आहे," बाई म्हणाल्या, "पण कागद हवा. शिवाय वय साठच्या वर आहे, फिजिशियनचं पत्र आणलंय का?" आणलेलं नव्हतं. तशी अट आहे हे मला ठाऊक नव्हतं. केंद्राला आधी फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. तुम्ही तेवढं नक्की करा.

आईला परत पाठवलं. मला त्याच दिवशी टोचलं. आईच म्हणाली, "तू तरी घे, तुला काय होतं ते बघू." दंडावर बारीक सुई, अर्धा मिलिलिटर. टोचल्याचं जेमतेम कळलं. मग अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसवलं, ॲलर्जी आली तर ती याच वेळात येते म्हणून. चार आठवडे रक्तदान करायचं नाही आणि दुसरी जिवंत विषाणूची लस घ्यायची झाली तर महिनाभर थांबायचं, हे दोन्ही तिथे सांगितलं. परतीच्या गाडीत मी रागावले होते. दोन दिवस, दोन तिकिटं, मामीला पडलेलं काम, आणि हातात आईचं काहीच नाही. कसाऱ्याच्या घाटात आई म्हणाली, "त्यांनी विचारलं म्हणून बरं. न विचारता टोचलं असतं तर तू आणखी काळजी केली असतीस." ते खरं होतं.

माझ्या अंगात चौथ्या दिवशी, ८ तारखेला, कणकण आली. १००.२ ताप, कपाळ जड आणि पाठीत कुणी धोपटून काढल्यासारखं दुखणं. पॅरासिटामॉल घेतलं. दोन दिवस ऑफिसला गेले नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी अंग एकदम हलकं झालं. आई या तिन्ही दिवसांत माझ्याकडे बारकाईनं बघत होती. तिच्यासाठी ती माहितीच होती.

याच दिवसांत आम्ही २००३ चा कागद शोधत होतो. रुग्णालयाकडे इतकं जुनं रेकॉर्ड नव्हतं. शेवटी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, बाबांच्या पेन्शनच्या कागदांखाली, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज कार्ड सापडलं. शाई उडालेली, कोपरा वाळवीनं खाल्लेला. पण मधली ओळ शाबूत: उजव्या बाजूची हेमिथायरॉइडेक्टमी, म्हणजे थायरॉइडची उजवी बाजू काढलेली. खाली तपासणीचा निष्कर्ष, साधी गाठ, कर्करोग नाही. मी तिथे माळ्यावरच, टॉर्चच्या उजेडात, त्याचे तीन फोटो काढले. आपल्या आईवडिलांची ऑपरेशनं आपल्या लक्षात असतात ती 'गळ्याचं', 'पोटाचं', 'बाईचं' अशी. नक्की काय काढलं ते कागदावरच असतं, आणि तो कागद बहुधा अशाच एखाद्या पेटीत असतो. आत्ताच काढून ठेवा.

११ जानेवारीला नाशिकच्या एका एमडी फिजिशियनकडे गेलो. फी ५०० रुपये. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, साखर, यकृत, मूत्रपिंड. त्याचे १,३५० झाले. या डॉक्टरांनी पाऊण तास दिला आणि त्यांचे प्रश्न मी इथे मुद्दाम लिहिते, कारण यातले निम्मे मला स्वतःहून सुचले नसते.

अंडं खाल्ल्यावर कधी त्रास झालाय का? मी म्हटलं, आई अंडं खातच नाही. आई म्हणाली, "माहेरी खात होते की. लग्नापर्यंत. काही व्हायचं नाही." हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, ज्यांनी जन्मात अंडं खाल्लेलं नाही त्यांनाही लस देता येते, फक्त टोचणाऱ्याला तसं सांगायचं आणि नंतर नीट लक्ष ठेवायचं.

स्टेरॉइड घेतलंय का? सप्टेंबरात गुडघ्यात एक इंजेक्शन झालं होतं. सांध्यातलं एखादं इंजेक्शन अडचणीचं नाही, म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "मावशी, कुणाकडची पुडी घेता का? सांधेदुखीची, बिननावाची?" आई माझ्याकडे बघायला लागली. श्रावणापासून ती एका नातेवाइकांनी आणून दिलेली पुडी घेत होती, मला न सांगता. गुडघ्याला फार गुण आला होता. डॉक्टर म्हणाले, अशा पुड्यांमध्ये कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, गुण त्याचाच असतो. तसं असेल आणि माणूस ती घेत असतानाच जिवंत विषाणूची लस टोचली, तर शरीर त्या विषाणूला आवरू शकत नाही. आईची पुडी दिवाळीत संपली होती, नंतर आणली नव्हती. दोन महिने उलटले होते. "असं असेल तर चालेल," ते म्हणाले. "कालपर्यंत घेत असता तर मी आणखी थांबवलं असतं."

शेवटी तो मोठा प्रश्न मी विचारला. मार्टिन गोर यांचं सांगितलं. ते टाळाटाळ न करता म्हणाले, "हो, असं होतं. त्यानंतर ब्रिटननं नियम कडक केले. साठीच्या पुढे, जिथे धोका खरा आहे आणि जाणं टळत नाही तिथेच द्यायची. मावशी चार दिवसांच्या बैठकीला जाणार असत्या, नुसत्या शिक्क्यासाठी घेणार असत्या, तर मीही थांबा म्हणालो असतो. पण त्या साडेतीन महिने तिथे राहणार. एडिस दिवसा चावतो. आजार गंभीर झाला तर त्यातले निम्मे लोक जातात आणि त्यावर औषध नाही." मग त्यांनी विचारलं, "जाणं टळतं का?" मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "टळत नाही."

वैद्यकीय कारणानं सूट मिळते का, तेही विचारलं. मिळू शकते, पण ज्यांना लस खरोखरच चालत नाही त्यांच्यासाठी. शिवाय सूटपत्र असलं तरी परतताना विलगीकरणाची टांगती तलवार राहते, आणि पत्र काही डासाला दिसत नाही. रिपोर्ट चांगले आले. पत्र मिळालं.

१८ जानेवारीची वेळ मिळाली. पुन्हा पंचवटी, पुन्हा डोंबिवली. त्याच बाई होत्या. त्यांनी वाळवीनं खाल्लेलं डिस्चार्ज कार्ड उजेडाकडे धरून वाचलं, हसल्या आणि म्हणाल्या, "या मावशी." आईनं दंडावरची बाही वर केली, दुसऱ्या हाताची मूठ माळेवर होती.

कार्ड हातात आलं तेव्हा मी खिडकीपाशीच उभी राहून एकेक रकाना पासपोर्टाशी ताडून पाहिला. आईच्या पासपोर्ट क्रमांकात एक आकडा चुकला होता, शून्याच्या जागी आठ. त्यांनी लगेच नवीन कार्ड करून दिलं. व्हिसा लागायच्या आदल्या दिवशी हे दिसलं असतं तर? नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, लशीचा बॅच क्रमांक, सही, केंद्राचा शिक्का, लागू होण्याची तारीख (आमची २८ जानेवारी) हे सगळं तिथल्या तिथे तपासा. कार्डावर सहीसाठी जागा असते, तिथे ज्याचं कार्ड त्यानं सही करायची. आईनं मोडीसारखी तिची ती लांबलचक सही केली.

त्या रात्री प्रवास केला नाही, डोंबिवलीलाच राहिलो. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिल बांधली. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजून त्या त्या चौकटीत लिहायचा. फिजिशियननी दोन टप्पे सांगितले होते. पहिले दहा दिवस यकृत-मूत्रपिंडांवर लक्ष: खूप ताप, न थांबणाऱ्या उलट्या, डोळे पिवळे, लघवी कमी, कुठूनही रक्त, धाप. त्यानंतर महिना होईपर्यंत डोक्यावर आणि नसांवर: असह्य डोकेदुखी, मान आखडणं, बोलण्यात गोंधळ, हातापायांतली शक्ती जाणं. यातलं काहीही दिसलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं की अमुक तारखेला पीतज्वराची लस घेतली आहे. कार्डाचा फोटो माझ्या, मामाच्या आणि शेजारच्या काकूंच्या फोनमध्ये ठेवला.

१९ तारखेला दंड दुखला. २० ला काही नाही. २१ ला एकादशी. आईचा उपास मोडायला मी सांगणार नव्हते, पण पाणी मोजून प्यायला लावलं. चौकटीत छापलेल्या एकादशीच्या खाली मी लिहिलं: ९८.४, ९८.६. २२ ला तशीच.

२३ तारखेला, पाचव्या दिवशी, दुपारी चारला ती चहा अर्धा ठेवून आडवी झाली. आई दिवसा आडवी होत नाही. ताप ९९.८. साडेसातला १००.६. डोकं दुखतंय, म्हणाली, आणि कंबर. मलाही हेच झालं होतं, हे मला माहीत होतं. तरी हात थरथरत होता. ट्यूबलाइटच्या खाली तिची खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघितला. पांढराच होता. लघवीला किती वेळा गेलीस, विचारलं. नावं विचारली, नातवंडांची, तिच्या बहिणींची. तिनं सगळी सांगितली आणि म्हणाली, "आता तू झोप." पॅरासिटामॉल दिलं. मी झोपले नाही. रात्री दोनला ९९.४, पहाटे पाचला १००. दर वेळी पेन्सिलीनं लिहिलं. त्या चौकटीत जागा उरली नाही म्हणून शेजारच्या चौकटीत बाण काढून लिहिलं.

सकाळी फिजिशियनना फोन केला. उलट्या नाहीत, खातेय, लघवी नीट आहे, शुद्धीत आहे, हे विचारून घेतलं आणि म्हणाले, घरीच ठेवा, संध्याकाळी पुन्हा कळवा. २४ ला ताप शंभरच्या खाली. २५ ला ९९. २६ जानेवारीच्या सकाळी मी उठले तर आई ओट्याशी उभी होती, टीव्हीवर दिल्लीचं संचलन लावलेलं, आणि गॅसवर साखरभात.

२८ ला दहा दिवस झाले, कार्ड लागू झालं, त्याच दिवशी व्हिसाचा अर्ज भरला. विमान मात्र मी १५ फेब्रुवारीनंतरचंच घेतलं, अठ्ठावीस दिवस पुरे झाल्यावरचं. असा काही नियम नाही. दुसरा टप्पा सुरू असताना तिला परक्या देशात न्यायची माझी तयारी नव्हती, इतकंच. वेळ हाताशी असेल तर साठीच्या पुढच्या माणसाची लस प्रवासाच्या आदल्या पंधरवड्यावर ढकलू नका.

१७ फेब्रुवारीला मुंबईहून एन्टेबेच्या थेट विमानात बसलो. तिथे उतरल्यावर पासपोर्टाच्याही आधी पिवळं कार्ड बघतात. एन्टेबेहून कंपालाला जाताना धाकटीच्या नवऱ्यानं गाडी सावकाश केली आणि एका झाडीकडे बोट दाखवलं: झिका. ज्या विषाणूचं नाव आपण बातम्यांत ऐकलं, ते या रानाचं. एन्टेबेत १९३६ साली पीतज्वराच्याच अभ्यासासाठी संस्था उभी राहिली. तिथल्या शास्त्रज्ञांनी या रानात पिंजऱ्यात ठेवलेल्या माकडांपैकी एकाच्या रक्तात १९४७ मध्ये तो विषाणू मिळाला. ते शोधत होते पीतज्वर. आईनं खिडकीची काच वर केली आणि हातापायांना पुन्हा एकदा डासांचं मलम लावलं. ते बरोबरच होतं. लस पीतज्वरापुरती. मलेरियाच्या गोळ्या वेगळ्या घ्याव्या लागतात, मच्छरदाणी वेगळी लागते.

आई जूनच्या सुरुवातीला परतली. मुंबईत उतरल्यावर आरोग्य खात्याच्या टेबलावर कार्ड दाखवून पाच मिनिटांत बाहेर आली. तिच्या पुढच्या एका माणसाचं कार्ड चेक-इन केलेल्या बॅगेत होतं, त्याला बाजूला थांबवून ठेवलं होतं, असं तिनं सांगितलं. कार्ड पासपोर्टाच्या कव्हरातच ठेवायचं.

नात २ मार्चला झाली. डिसेंबरात तिला नऊ महिने पुरे झाले आणि तिथल्या नेहमीच्या लसीकरणात तिला पीतज्वराची लस टोचली. संध्याकाळी धाकटीचा फोन आला, आवाजात काळजी. ताप कधी येईल, किती येईल, काय बघायचं? मी फोन स्पीकरवर टाकला. आईनं जानेवारीचं ते पान जपून ठेवलेलं आहे, पिवळ्या कार्डासोबत घडी घालून. चष्मा लावून तिनं ते पुढ्यात उघडलं.

"मला पाचव्या दिवशी आला होता, ताईला चौथ्या," ती म्हणाली. "बाळाचं डॉक्टरांना विचार. लघवी किती वेळा होते ते बघत राहा. आणि भिंतीवर कॅलेंडर आहे का तुझ्याकडे? पेन्सिल बांध त्याला."